पाचशे शेअर, एकवीस मोदक

दीनानाथ पेंडसे यांनी उभ्या आयुष्यात आपल्या साडूकडे एकच गोष्ट मागितली, ती म्हणजे ताळेबंद. मागितली तीही कुठे, तर साडूच्याच घरी, श्रावणी सोमवारचा उपास सोडताना, पानात अळूचं फदफदं वाढून झाल्यावर. माणसाला काय वाटेल ते मागायची मुभा आहे, पण केव्हा मागावं याला काही ताळतंत्र असतं. वसुंधराबाईंच्या हातातली वरणाची पळी होती तिथेच थांबली. त्यांची धाकटी बहीण शशिकला, म्हणजे पेंडशांची बायको, पानातल्या लिंबाकडे टक लावून बघू लागली. आणि दाजी ओक, ज्यांच्याकडे ही मागणी झाली होती, त्यांनी घास गिळला, पाणी प्याले आणि म्हणाले, "ताळेबंद? तो तर दरवर्षी तुमच्या घरी पोचतो, दीनानाथराव."

इतकं धडधडीत खोटं पेंडशांनी सरकारी नोकरीतसुद्धा ऐकलं नव्हतं, आणि पाटबंधारे खात्यात हेडक्लार्क म्हणून त्यांची एकवीस वर्षं झाली होती.

प्रकरण असं होतं. पनवेलच्या बाहेर हायवेला लागून दाजींचा बर्फाचा कारखाना होता. हिमगौरी आइस फॅक्टरी, प्रायव्हेट लिमिटेड. पंच्याऐंशी साली कारखान्याचा कॉम्प्रेसर बसला, तेव्हा नवीन घ्यायला पाच हजार कमी पडत होते. शशिकलाबाईंनी माहेरच्या सोन्याच्या दोन पाटल्या मोडून ते दिले. दाजींनी त्या बदल्यात दहा रुपयांचे पाचशे शेअर दिले. कंपनीत भागधारक तीनच. दाजी, त्यांची बायको आणि हे पाचशे शेअर. आता चौऱ्याण्णव साल उजाडलं तरी लाभांश म्हणून एक पैसा दिसला नव्हता. विचारलं की दाजी उसासा टाकून म्हणत, "बर्फाचा धंदा आहे हो. हातात येईस्तोवर निम्मा वितळतो." पेंडशांना ते पटायचं. बर्फ वितळतो हे त्यांनी स्वतः पाहिलं होतं.

त्या सोमवारी मात्र दाजींनी आपणहून विषय काढला. "शशीचे पैसे किती दिवस अडकवून ठेवायचे? पाच हजार जसेच्या तसे परत घ्या. तीस सप्टेंबरला कारखान्यात सत्यनारायण आहे, तेव्हा सही करून टाकू." पाच हजारांत आता एक पाटलीही धड झाली नसती. शशिकलाबाईंनी डावा हात मांडीखाली घेतला, ज्या हातात नऊ वर्षं काचेच्याच बांगड्या होत्या. पेंडशांनी तो हात पाहिला आणि त्यांच्या तोंडून ताळेबंद निघून गेला.

आता पनवेलसारख्या गावात एखादी गोष्ट जेवणाच्या पानावरून उठून शेजारच्या ओट्यावर जायला किती वेळ लागतो? दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारचा काशिराम म्हात्रे दारात उभा. काशिराम मूळचा गव्हाणचा. त्याची जमीन सरकारने नव्या शहरासाठी घेतली होती आणि वाढीव मोबदल्यासाठी तो अकरा वर्षं कोर्टात भांडत होता, त्यामुळे कायद्याच्या बाबतीत आख्ख्या आळीत त्याचा शब्द शेवटचा. शिवाय त्याचा टेंपो होता आणि तो हिमगौरीचाच बर्फ करंजाच्या मासळीच्या धक्क्यावर नेऊन टाकायचा.

"काका, तोटा कसा हाय ह्यो?" काशिराम म्हणाला. "रोज दोन फेऱ्या मीच मारतो. माझ्यामागं सात टेंपो लाइनीत उभं असतात. आनि जागा बघितली का? तितं आता हायवेच्या कडंला गुंठ्याला काय भाव चाललाय, तुमाला म्हाईत नाय."

"पण साडू म्हणतात ताळेबंद दिलाय."

"तोंडी काय बोलू नका. कागद मागा. सरकारकडं आमी अकरा वर्सं कागदच मागतोय."

"मग मिळाला?"

"नाय," काशिराम म्हणाला. "पन मागतोय."

हा सल्ला पेंडशांच्या काळजाला भिडला, कारण कागद ही त्यांची स्वतःची जागा होती. माणूस समोरासमोर बोलायला लाजत असेल, पण लेटरहेड दिसलं की त्याच्या अंगात बारा हत्तींचं बळ येतं. त्यांनी ऑफिस सुटल्यावर बसून पत्र लिहिलं. विषय, ताळेबंद मिळणेबाबत. संदर्भ, श्रावणी सोमवारी भोजनप्रसंगी झालेली समक्ष चर्चा. महोदय, उपरोक्त विषयान्वये सविनय सादर करण्यात येते की, अधोहस्ताक्षरित हा आपल्या कंपनीचा भागधारक असून. असं ते दीड पान चाललं होतं, आणि दाजींचं घर तीन गल्ल्या पलीकडे असताना त्यांनी ते रजिस्टर पोस्टाने, पोचपावतीसह पाठवलं. पोस्टमनने दाजींच्या दारात सही घेतली आणि परत येताना पेंडशांच्या दारात सांगितलं, "साहेब, हाताने दिलं असतंत तर चहा तरी मिळाला असता."

चौथ्या दिवशी उत्तर आलं, कंपनीच्या लेटरहेडवर. "आपल्या घरी ताळेबंद दरवर्षी वेळेवर पोचविण्यात येतो व त्याची नोंद कंपनीच्या जावक वहीत आहे. कळावे, लोभ आहेच, तो वृद्धिंगत व्हावा." पेंडशांनी दुसरं पत्र टाकलं. त्याला उत्तर आलं नाही. तिसऱ्याला नुसती पोचपावती आली. घरात शशिकलाबाई म्हणत होत्या, "अहो, मी ताईला विचारू का?" त्यावर पेंडशांचं ठरलेलं वाक्य होतं, "हा भागधारक आणि कंपनी यांच्यातला प्रश्न आहे. बायकांनी यात पडू नये."

हे वाक्य लक्षात ठेवावं अशी विनंती आहे. पेंडशांनी पुढे ते विसरायचा फार प्रयत्न केला.

अशात गणपती आले. दरवर्षी चतुर्थीला दुपारी ओकांकडून पेंडशांकडे पितळी डबा यायचा. एकवीस उकडीचे मोदक, वसुंधराबाईंच्या हातचे, कळ्या अशा रेखीव की खाणाऱ्याला हात लावायचा धीर होऊ नये. डबा गेली नऊ वर्षं चुकला नव्हता. याही वर्षी आला. शशिकलाबाई पूजेत होत्या. पेंडशांनी दारातच डबा घेतला आणि त्यांच्या मनात दोन अनुत्तरित पत्रं उभी राहिली. ताळेबंद द्यायचा नाही आणि मोदक देऊन तोंड बंद करायचं? त्यांनी झाकणसुद्धा उघडलं नाही. पायांत चपला अडकवल्या, तीन गल्ल्या चालत गेले आणि भरलेला डबा ओकांच्या ओट्यावर ठेवून आले.

शेजारचा डबा आपल्याकडे रिकामा परत करत नाहीत. चमचाभर साखर तरी घालून पाठवतात. पण भरलेला डबा तसाच परत करायचा, तोही गणपतीचा, हे पनवेलमध्ये कुणी केल्याचं कुणाला आठवत नव्हतं. वसुंधराबाई रडल्या. शशिकलाबाईंना हे रात्री आरतीच्या वेळी दुसऱ्याकडून कळलं, आणि त्या रडल्या नाहीत. नवऱ्याशी बोलायच्या बंद झाल्या. घरात आता पेंडसे स्वतःचा चहा स्वतः करू लागले, आणि तो चहा म्हणजे सांगण्यासारखी गोष्ट नव्हती.

"आता मुंबईला जा," काशिराम म्हणाला. "कंपन्यांचं कागद सरकारकडं असतात. फी भरली की बघायला मिळतं. माझ्या वकिलानं सांगितलंय."

पेंडशांनी नैमित्तिक रजा टाकली. देवघरातल्या पेटीतून शेअर सर्टिफिकेट काढलं, पिशवीत घातलं आणि सकाळची एस.टी. पकडली. मुंबईतल्या कंपनी निबंधकांच्या कार्यालयात गर्दी बरीच होती. अर्ज भरला, फी भरली, बाकावर दोन तास बसले. आश्चर्य म्हणजे फाइल मिळाली. खिडकीमागच्या बाईंनी त्यातलं एक पान पुढे केलं. मालमत्ता आणि देणी. पेंडसे वाचू लागले. जमीन, अठरा हजार रुपये. आख्ख्या जागेची किंमत अठरा हजार असेल तर दाजी पाच हजार देतायत हे उपकारच की. आपण मोदक परत केले.

"बाई, ही जमिनीची किंमत आजची का?"

"ती घेतल्या वेळची असते. बहात्तर साल असेल," बाई म्हणाल्या. "कागदावर ती वाढत नाही."

पेंडशांच्या जिवात जीव आला. "मग नफातोटा पत्रक बघू."

"प्रायव्हेट कंपनीचं नफातोटा पत्रक फक्त भागधारकाला दाखवतात. तुम्ही भागधारक?"

याच क्षणाची पेंडसे महिनाभर वाट पाहत होते. छाती पुढे काढून त्यांनी सर्टिफिकेट काउंटरवर ठेवलं. आता हे सर्टिफिकेट गेली नऊ वर्षं दर दिवाळीला लक्ष्मीपूजनात चौरंगावर ठेवलं जायचं, रोख रक्कम आणि पासबुकाच्या शेजारी. दरवर्षी त्यावर हळद, कुंकू आणि अक्षता. नऊ वर्षांचे थर बसून मधला भाग असा लालपिवळा झाला होता की कंपनीचं नाव आणि शेअरचा आकडा तेवढा दिसत होता.

"नाव कुठे आहे?" बाईंनी विचारलं.

पेंडशांनी अंगठा ओला करून चोळलं. आधी 'पेंडसे' निघालं. त्यांनी विजयी मुद्रेने बाईंकडे पाहिलं आणि आणखी चोळलं. मग 'दीनानाथ' निघालं. बाईंनी मान डोलावली. मग त्याच्याही आधीचं, सर्वांत जाड कुंकवाखालचं अक्षर निघालं. सौ. शशिकला.

मागे रांग होती.

"तुम्ही यांचे कोण?"

"मी यांचा नवरा."

"नवऱ्याला दाखवता येत नाही," बाई म्हणाल्या. त्या चांगल्या होत्या, त्यांनी हे हळू आवाजात सांगितलं. "त्यांना घेऊन या. नाहीतर त्यांची सही आणा."

एस.टी.त परतीच्या वाटेवर पेंडशांना एकेक वाक्य आठवत गेलं. अधोहस्ताक्षरित हा आपल्या कंपनीचा भागधारक असून. बायकांनी यात पडू नये. दाजींच्या पत्रात 'आपल्या घरी' होतं, 'आपणांस' नव्हतं. नऊ वर्षं आपण ऑफिसात "आमची एक छोटीशी कंपनी आहे" असं म्हणत होतो. पनवेल स्टँडवर उतरेपर्यंत ते चार इंच बुटके झाले होते.

घरी आल्यावर त्यांनी सगळं सांगून टाकलं. सर्टिफिकेट पुढे ठेवलं, मान खाली घातली आणि म्हणाले, "मालक तू आहेस. मी चुकलो."

शशिकलाबाईंनी नाव वाचलं. पाटल्या त्यांच्या, म्हणून दाजींनी शेअर त्यांच्या नावे केले होते, त्यात दाजींची चूक नव्हती. नऊ वर्षांत कुणी नाव वाचलं नव्हतं एवढंच. बारा दिवसांनी त्या पहिल्यांदा नवऱ्याशी बोलल्या.

"हे ताळेबंद ताळेबंद म्हणता ते दिसतं कसं?"

"जाड पांढरा कागद. टाइप केलेला. दोन रकाने, खाली सह्या. तीनचार पानं, नफातोटा पत्रकासकट, टाचणी मारलेली."

"आणि एका बाजूला कोरा?"

"हो."

शशिकलाबाई उठल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या. मांडणीवरचा तुरीच्या डाळीचा डबा उचलून त्यांनी खाली ठेवला. डब्याखाली अंथरलेला कागद उलटा केला. हिमगौरी आइस फॅक्टरी, सन १९८९. तिखटाच्या डब्याखाली एक्क्याण्णव निघालं. साखरेखाली त्र्याण्णव. सत्त्याऐंशीवर कधीतरी गोडं तेल सांडलं होतं, पण आकडे दिसत होते.

"दरवर्षी मोदकांच्या डब्यात तळाशी असायचा हो हा कागद," त्या म्हणाल्या. "मला वाटायचं, उकड चिकटू नये म्हणून ताई घालते. कागद चांगला जाड, म्हणून मी मांडणीवर अंथरत गेले."

पेंडसे एकेक डबा उचलून बघू लागले. "म्हणजे या वर्षीचा..."

"तुम्ही मोदकांसकट परत केलात."

लग्नाआधी शशिकलाबाई दोन वर्षं ग्राहक भांडारात हिशेब लिहीत. आळीतल्या बायकांची भिशी त्याच सांभाळत आणि त्यात कधी चार आण्यांचा घोळ झालेला नव्हता. त्यांनी आठ वर्षांचे ताळेबंद ओट्यावर ओळीने लावले, चष्मा चढवला आणि वाचायला बसल्या. पेंडसे शेजारी उभे राहून मधूनमधून "घसारा म्हणजे काय माहितेय का" असं म्हणत होते, तेव्हा त्यांना दूध आणायला पाठवण्यात आलं.

ते परतले तेव्हा शशिकलाबाईंना उमगलं होतं. नफा वितळत नव्हता. तो दरवर्षी वाढत होता आणि बरोबर तेवढाच दाजींचा, म्हणजे संचालकांचा, पगार वाढत होता, म्हणून लाभांशाला काही उरत नव्हतं. पण बाईंचं बोट वेगळ्याच ओळीवर होतं. कंपनीचे हिशेबनीस सोमण हा इतका चोख माणूस की खर्चाखाली बारीक तपशीलसुद्धा देत असे. ब्याण्णव साल. भेटवस्तू खर्च. हापूस आंबा पेटी दोन. इरकली लुगडं, जांभळं, एक.

"हे माझं लुगडं आहे," शशिकलाबाई म्हणाल्या. "माझ्या पन्नाशीला ताईने दिलेलं. आणि हे आंबे. दर मे महिन्यात येतात ते." त्यांचे डोळे भरले. "माझं म्हणून कुणी काही पाठवतं, याचं मला केवढं होतं. हे तर माझ्याच पाटल्यांतून आलं."

पेंडशांनी चहा केला. वाईट झाला होता, पण त्या प्यायल्या.

तीस तारखेला कारखान्यात सत्यनारायण झाला. मागे कॉम्प्रेसरची घरघर, पुढे केळीचे खांब, आणि पूजेनंतर शिऱ्याआधी वार्षिक सभा, ही हिमगौरीची रीतच होती. सवाष्णींची हजेरी म्हणून बायका दरवर्षी ज्या वहीत सही करत, ती सभेची वही होती, हे शशिकलाबाईंना त्या दिवशी कळलं. वसुंधराबाई बहिणीकडे बघत नव्हत्या. शशिकलाबाईंनी पिशवीतून डबा काढला, स्वतःचा, स्टीलचा, आणि त्यांच्यासमोर ठेवला.

"ताई, एकवीस आहेत. तुझ्यासारख्या कळ्या मला जमत नाहीत. ते भरला डबा परत करून आले, त्याची मला लाज वाटते."

वसुंधराबाईंनी नाक ओढलं आणि झाकण उघडलं. तोवर सोमणांनी मागल्या सभेचं इतिवृत्त वाचायला घेतलं. "सौ. शशिकला पेंडसे यांनी ताळेबंद वाचून समाधान व्यक्त केले व तो मंजूर करावा असा ठराव मांडला."

"मी तेव्हा शिरा ढवळत होते," शशिकलाबाई म्हणाल्या.

सोमणांनी घाम पुसला. "विशेष निमंत्रित श्री. दीनानाथ पेंडसे यांनी आभार मानले."

विशेष निमंत्रित. पेंडशांच्या खिशात सतरा प्रश्नांची यादी होती. त्यांनी ती काढली, दाजी म्हणाले, "दीनानाथराव, प्रश्न भागधारकांनी विचारायचे," आणि यादी परत खिशात गेली.

इकडे वसुंधराबाईंनी वरचे चार मोदक उचलले होते. तळाशी कागद होता. त्यांनी तो काढला. ब्याण्णव सालचं पान, आणि एका ओळीखाली पेन्सिलची रेघ. त्यांनी वाचलं, परत वाचलं.

"अहो," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "शशीचं लुगडं कंपनीने घेतलं?"

"अगं, ते टॅक्सच्या दृष्टीने..."

"मी तिला सांगितलं, यांनी स्वतः दुकानात जाऊन निवडलं. चारचौघींत सांगितलं." वसुंधराबाईंचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला, आणि दाजींना खाली गेलेला आवाज जास्त ठाऊक होता. "आंबे पण?"

कॉम्प्रेसर घरघरत होता.

"या वर्षीचा ताळेबंद मंजूर असणाऱ्यांनी हात वर करावेत," सोमण घाईघाईने म्हणाले. दाजींचा एक हात वर गेला. "नामंजूर?"

हिरव्या बांगड्यांचे दोन हात वर गेले. एक शशिकलाबाईंचा, आणि तो पूर्ण वर जायच्या आत दुसरा, त्यांच्या बहिणीचा.

सोमण वाकून दाजींच्या कानाशी लागले. हात मोजून हरलो तरी शेअर मोजून मतदान मागता येतं, साहेब. नव्वद टक्के शेअर तुमचेच आहेत. दाजींनी बायकोकडे पाहिलं. कायद्याने त्यांना तो हक्क होता, यात शंका नाही. पण कायदा कारखान्याच्या फाटकापर्यंत होता आणि जेवायला घरी जायचं होतं.

"राहू दे," दाजी म्हणाले.

मग शशिकलाबाईंनी तीन गोष्टी मागितल्या आणि सोमणांनी त्या लिहून घेतल्या. जागेची आजच्या भावाने किंमत काढावी. ती कळेपर्यंत शेअर विकायचा विषय नको. आणि संचालकांचा पगार किती, हे तिन्ही भागधारकांनी मिळून ठरवावं. शेवटी म्हणाल्या, "आणि दाजी, ताळेबंद मोदकांखाली घालू नका. तूप लागतं. हातात द्या."

"पोस्टाने पाठवतो," दाजी पुटपुटले. "पोचपावतीसह." आणि मग त्यांनाच थोडं हसू आलं.

शेवटचा विषय उरला. सोमणांनी सवयीने पेंडशांकडे पाहिलं. आभार. पेंडसे उठले. भाषण त्यांना तोंडपाठ होतं. नऊ वर्षं तेच होतं. माननीय संचालक, त्यांची दूरदृष्टी, रुचकर प्रसाद. त्यांनी तोंड उघडलं आणि त्यांची नजर बायकोच्या डाव्या हाताकडे गेली, ज्यात अजून काचेच्याच बांगड्या होत्या.

"ज्यांच्या पाटल्यांवर हा कारखाना उभा राहिला," पेंडसे म्हणाले, "आणि ज्यांचं नाव मी नऊ वर्षं कुंकवाखाली वाचलं नाही, त्या भागधारक सौ. शशिकलाबाई यांचे मी आभार मानतो." एवढं बोलून ते खाली बसले.

सोमणांचं पेन हवेतच थांबलं. "साहेब, हे असंच लिहू का?"

दाजींनी वसुंधराबाईंकडे पाहिलं. त्या बहिणीच्या हातात स्वतःच्या हातातली एक सोन्याची बांगडी सरकवत होत्या, आणि शशिकला नको नको म्हणत हात मागे घेत होती.

"लिहा," दाजी म्हणाले. "आणि ती बांगडी माझ्या खर्चात टाका, कंपनीच्या नको."

मग शिरा वाटला.